बंद करून परत चालू करा

इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला बरंच काही शिकवलं. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर... (मायक्रोप्रोसेसर तर दोनदा शिकलो, पण तो विषय आज नको.) मात्र मावशीचा प्रिंटर अर्धा कागद ओढून मध्येच का थांबतो, हे एकाही सरांनी सांगितलं नाही. आणि नातेवाईकांची तर ठाम समजूत आहे की पदवी मुळात त्यासाठीच देतात.

त्यामुळे दर शनिवारी सकाळी माझं एक बिनपगारी कॉल सेंटर सुरू होतं. मावशीचा प्रिंटर, मामाचा वाय-फाय, आत्याच्या मोबाइलमधली संपलेली जागा. सगळ्यांना माझं उत्तर एकच. "बंद करा, दहापर्यंत आकडे मोजा, परत चालू करा." बहुतेक वेळा काम होतं. मग पलीकडून "पोरगं हुशार आहे हो!" असं ऐकू येतं आणि मी कॉलर ताठ करून गार झालेला चहा पितो.

खरं सांगायचं तर यात हुशारी शून्य. रीस्टार्ट केल्यावर मेमरी कोरी होते, अडकून बसलेले प्रोग्रॅम मरतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. यंत्र बरं होतं, पण त्याला झालं काय होतं ते कळत नाही. ताप उतरतो, निदान राहून जातं. वर मेमरीत जो काही पुरावा होता, तोही पुसला जातो.

आणि हे फक्त आमच्यासारखे फुटकळ लोक करतात असं नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक दोष होता. कॉम्प्युटर सलग ४९.७ दिवस चालू राहिला की तो गपकन थिजायचा. आत मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा एक आकडा होता, तो तेवढ्या दिवसांत भरून परत शून्यावर यायचा. हा दोष लोकांच्या लक्षात यायला काही वर्षं गेली. कारण? त्या काळी ४९ दिवस न अडखळता चाललेला विंडोज पाहिलाय कोणी! पुढे २०१५ साली बोइंग ७८७ बद्दल अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकांनी आदेश काढला. विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर जनरेटरची नियंत्रणं एकदम बंद पडू शकतात, तेव्हा त्याआधी वीज एकदा बंद करून परत चालू करा. इथेही तोच प्रकार, फक्त सेकंदाचे शंभरावे भाग मोजणारा आकडा. म्हणजे शेकडो माणसं घेऊन उडणाऱ्या विमानाला दिलेला सल्ला आणि आत्याच्या मोबाइलला दिलेला सल्ला एकच. असो.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते २०२४ सालच्या एका फोनमुळे. ऑगस्टमधला फोन, आणि तो मला कळला डिसेंबरात.

आईबाबा डोंबिवलीला राहतात, मी पुण्यात. त्यांच्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं आणि बाबा तिथले खजिनदार. म्हणजे रिटायर झाल्यावर लोकांनी ते गळ्यात मारलेलं काम. पण माणूस आयुष्यभर ऑफिसात कारकुनी केलेला, त्यामुळे हिशोब एकदम चोख. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबलचक वही, निळ्या शाईत जमा, लाल शाईत खर्च, आणि महिनाअखेरीला बेरीज दोनदा. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

मला हे बघवेना. मी एका शनिवारी बसून त्यांना झकास स्प्रेडशीट करून दिली. मेंटेनन्सचे १८०० रुपये आले की त्या बिऱ्हाडाच्या रकान्यात टाकायचे, बेरजा आपोआप, थकबाकीदारांची यादी आपोआप. तीन महिने बाबांनी वही आणि शीट दोन्ही चालवलं. दोन्हीकडे पै न पै जुळत होती. मग मीच म्हटलं, "बाबा, आता वही बंद करा. तेच तेच दोनदा लिहायचं कशाला?" त्यांनी मान डोलावली. वही माळ्यावर गेली.

आता ऑगस्टमधला तो फोन. मी मीटिंगमध्ये होतो, क्लायंटचं काहीतरी पेटलं होतं. बाबा म्हणाले, "अरे, आकडे उमटत नाहीयेत." मी कुजबुजलो, "बंद करून परत चालू करा," आणि फोन ठेवला. नंतर त्यांचा फोन आला नाही, म्हणजे प्रश्न सुटला. आमच्याकडे याला तिकीट क्लोज करणं म्हणतात.

डिसेंबरचा दुसरा रविवार. मी घरी गेलो होतो. विधानसभेचा निकाल लागून दोन आठवडे झाले होते आणि घराघरात तोच विषय. त्याच आठवड्यात सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी, ईव्हीएमवर मोजलेली आपल्या गावची मतं पटत नाहीत म्हणून, स्वतःच मतपत्रिका छापून परत मतदान घ्यायचं ठरवलं होतं. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते काही होऊ दिलं नाही. बाबा पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "गावाला मोजून बघावंसं वाटलं, तर त्यात एवढं काय बिघडतं?"

झालं! घरात इंजिनियर असल्यावर असा चेंडू सोडतो का? मी सुरू झालो. केरळात परूरला १९८२ साली पहिल्यांदा ५० केंद्रांवर ही यंत्रं वापरली, तेव्हा कायद्यात तशी तरतूदच नव्हती, म्हणून सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्ये ते मतदान रद्द केलं. मग कायदा बदलला. आता मतदानाच्या दिवशी सकाळी एजंटांसमोर किमान ५० खोटी मतं टाकून यंत्र तपासतात. मतदान संपल्यावर एकूण मतांचा आकडा फॉर्म १७ सी वर एजंटांना लिहून देतात. २०१३ पासून व्हीव्हीपॅट आलं, आपण दिलेल्या मताची चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून बघतात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा ही मागणी सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली.

"आणि शंकेचं म्हणाल," मी आणखी रंगात आलो, "तर ती फक्त हरणाऱ्याला येते. २००९ ला भाजप हरला. २०१० मध्ये त्यांच्याच नरसिंह राव यांनी ईव्हीएमवर शंका घेणारं पुस्तक लिहिलं, प्रस्तावना अडवाणींची. आता शंका घेणारे दुसरे. खुर्च्या बदलल्या की संशयाचा मालक बदलतो."

आई म्हणाली, "पोहे गार होतायत." पण मला हुकमाचा पत्ता टाकायचा होता. मी बेल्जियमची गोष्ट काढली.

मला ही गोष्ट फार आवडते. १८ मे २००३. ब्रुसेल्समधल्या स्खारबेक नावाच्या भागात कॉम्प्युटरवर मतदान झालं. आकडे आले तेव्हा एका उमेदवार बाईंना इतकी मतं पडलेली दिसली की तेवढी पडणं शक्यच नव्हतं. तिथली पद्धत अशी होती, की मतदाराचं मत एका चुंबकीय कार्डावर नोंदलं जायचं आणि ते कार्ड पेटीत जायचं. मग सगळी कार्डं परत वाचली. फरक निघाला बरोब्बर ४०९६ मतांचा. बाकी सगळ्यांचे आकडे जसेच्या तसे.

४०९६ म्हटल्यावर आमच्या जातीच्या माणसाचे कान टवकारतात. दोनाला दोनानं बारा वेळा गुणलं की... नाही, चुकलो, बारा दोन घेऊन त्यांचा गुणाकार केला की ४०९६ येतात. कॉम्प्युटर आकडे शून्य आणि एकमध्ये ठेवतो. उजवीकडून तेराव्या जागी शून्याचा एक झाला, की आकडा थेट ४०९६ नं वाढतो. आपण एखाद्यानं हजाराच्या घरात चुकून एक लिहिला म्हणू, तसं. प्रोग्रॅम तपासला, यंत्र तपासलं, काही सापडलं नाही. एक बिट आपोआप उलटला असावा, असा तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला. अंतराळातून सतत येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे असं होऊ शकतं. तेव्हापासून ही गोष्ट, एका किरणानं केलेलं चार हजार मतांचं बोगस मतदान म्हणून सांगतात. ते किरणानंच केलं हे सिद्ध कधीच झालं नाही, होणं शक्यही नव्हतं.

"म्हणजे बघा," मी समारोप केला, "चूक म्हणजे घोटाळा नव्हे. आणि चूक झाली तरी सापडते!"

बाबा जरा गप्प बसले. मग म्हणाले, "चार हजार होती म्हणून सापडली. चौसष्ट असती तर?"

"तर कार्डं वाचल्यावर कळलं असतं की."

"चौसष्टाच्या फरकासाठी कार्डं परत वाचायला घेतली असती कोणी?"

मी काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात बेल वाजली.

दारात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. काका गेल्यापासून एकट्याच असतात. पुढच्या रविवारी सोसायटीच्या कमिटीची निवडणूक होती आणि काकू पहिल्यांदाच उभ्या राहणार होत्या. आमच्या सोसायटीतही दोन पक्ष आहेत बरं का, पाण्याच्या टाकीवरून फुटलेले. थकबाकीदाराला उभं राहता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी बाबांनी शीटमधून यादी काढून खालच्या फळ्यावर लावली होती. यादीत दोन नावं. त्यातलं एक काकूंचं. दुसऱ्या पार्टीतल्या कोणीतरी फोटो काढला आणि रात्रीतून तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला.

काकूंच्या हातात पाकीट होतं. भांडायला आल्या नव्हत्या. त्याच तर त्रासल्यासारख्या म्हणाल्या, "ऑगस्टचे दिले होते असं वाटतंय खरं. पण हल्ली माझं लक्षात राहत नाही. यादीत आलंय म्हणजे राहिलेच असणार. हे घ्या १८००."

आणि मी, दोन मिनिटांपूर्वी बेल्जियम सांगणारा मी, काय म्हणालो माहितीये? "हो काकू, होतं असं कधी कधी. कॉम्प्युटरच्या हिशोबात राहिलेलेच दिसतायत."

बाबांनी पाकीट घेतलं नाही. "बसा वहिनी," म्हणाले आणि शीट उघडली. ऑगस्टच्या रकान्यात काकूंच्या नावापुढे १८०० लिहिलेलं होतं. स्पष्ट. तरी थकबाकी १८००! मी चष्मा पुसला. बाबा स्क्रीनच्या जवळ गेले आणि म्हणाले, "बाकीचे आकडे उजवीकडे टेकलेत. हा एकटाच डावीकडे का बसलाय रे?"

माझ्या पोटात गोळा आला. स्प्रेडशीट आकडे उजवीकडे लावते आणि अक्षरं डावीकडे. म्हणजे हा आकडा नव्हताच. मी त्या चौकटीत जाऊन एकेक अक्षर पाहिलं. १ च्या जागी एक नव्हता, इंग्रजीतला स्मॉल एल होता. एल आठशे. दिसायला सारखाच. बेरजेच्या सूत्रानं त्याला शब्द समजून गुपचूप वगळलं होतं. नुसतं अधिकचं चिन्ह टाकून बेरीज केली असती, तर शीटनं तिथल्या तिथे बोंब मारली असती. पण मी वापरलं होतं ते सूत्र मोठं समंजस. न कळलेलं काही दिसलं की बाजूला ठेवून पुढे जायचं.

पण एल आला कुठून? बाबा टायपिंग शिकले ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. त्या काळच्या बऱ्याच टाइपरायटरवर १ ची कळच नसायची, स्मॉल एलच एक म्हणून मारायचा. बोटांना तीच सवय. एरवी ते कीबोर्डच्या उजव्या बाजूचे आकडे वापरतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. मग त्या दिवशी का नाही वापरले?

"तुला फोन केला होता की," बाबा म्हणाले. अगदी साध्या आवाजात. "उजवीकडचे आकडे उमटत नव्हते. तू म्हणालास बंद करून चालू करा. केलं. तरी उमटेनात. तू कामात होतास, परत कशाला त्रास द्यायचा. वहिनी पैसे घेऊन समोर उभ्या होत्या, म्हणून वरच्या ओळीतले वापरले. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या नववीतल्या पोरानं एक कळ दाबली, सुरू झालं."

नम लॉक. चार महिन्यांपूर्वी मी एक प्रश्न विचारायला हवा होता, "सगळेच आकडे उमटत नाहीत की फक्त उजवीकडचे?" दहा सेकंदांचं काम. नववीतल्या पोराला जमलं ते.

बाबांनी कपाटातून पावतीपुस्तक काढलं. वही मी बंद करायला लावली होती, पण पावतीपुस्तक माझ्या तडाख्यातून सुटलं होतं. ऑगस्टची पावती, कार्बनची निळसर प्रत, काकूंचं नाव, अक्षरी रुपये एक हजार आठशे फक्त. काकूंनी ती हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी विसरले नव्हते." त्यांना १८०० रुपये वाचल्याचा आनंद नव्हता. आपलं डोकं शाबूत आहे, याचा होता.

नवी यादी लागली, खाली माझ्या नावानं माफी लिहिली, ग्रुपवरही टाकली. पण चुकीच्या फोटोवर बोलायला जेवढे आले होते, तेवढे माफीवर आले नाहीत. पुढच्या रविवारी चिठ्ठ्या टाकून निवडणूक झाली, पेटी म्हणून आमच्याच घरचा स्टीलचा डबा. दोन्ही पार्ट्यांसमोर दोनदा मोजलं. काकू तीन मतांनी हरल्या. ती तीन मतं टाकीमुळे गेली, की त्या फोटोमुळे, की काकू मुळातच तेवढ्या लोकप्रिय नव्हत्या? हे कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. फेरमोजणीनं आकडा कळतो, कारण कळत नाही.

तेव्हापासून मला बाबांचा तो चौसष्टाचा प्रश्न सोडत नाही. ४०९६ ची चूक सापडली, कारण ती अशक्य दिसत होती. १८०० रुपये थकणं कोणाच्याही बाबतीत शक्य दिसतं. एकट्या राहणाऱ्या, वय झालेल्या बाईच्या बाबतीत तर जरा जास्तच. अशक्य चूक यंत्राच्या नावावर जाते, शक्य दिसणारी चूक माणसाच्या नावावर. आणि ज्याला "दाखवा मला" म्हणायची हिंमत नसते, तो पाकिटात पैसे घालून दारात येतो.

ईव्हीएमचं मत माझं बदललं का? नाही. आपल्या यंत्रांत घोटाळा आहे असं म्हणायला मला आजही आधार दिसत नाही. पण पोह्यांवरचा माझा युक्तिवाद कच्चा होता. "यंत्र चुकत नाही" हे उत्तर नव्हेच. दुसरी नोंद आहे का, ती पहिलीपासून वेगळी ठेवली आहे का, आणि मागितल्यावर ती बघायला मिळते का, हे तीन प्रश्न विचारणारा माणूस अडाणी नसतो. तो आमच्याच धंद्यातलं पहिलं काम करत असतो. चूक शोधायची तर आधी शंका घ्यावी लागते, आणि शंका हरलेल्यानं घेतली म्हणून ती आपोआप खोटी ठरत नाही. खरीही ठरत नाही म्हणा. मोजून बघावं लागतं.

आता शीटमध्ये आकड्याशिवाय काही टाकलं तर ती घेतच नाही. पण तेवढ्यावर न थांबता लाल वही माळ्यावरून खाली आली आहे. महिनाअखेरीला बाबा वरून खाली, मग खालून वर, आणि मग शीटशी बेरीज जुळवतात. मी काही बोलत नाही.

कॉल सेंटरची पद्धतही बदलली. आता पहिला प्रश्न, "नेमकं काय होतंय ते सांग." वेळ जातो. मामा वैतागतो. पण गेल्या शनिवारी मावशीला म्हटलं, "बंद-चालू नको. झाकण उघड आणि कागद जिथून आत जातो तिथे टॉर्च मार." पाच मिनिटं शांतता. मग पलीकडून किंचाळणं. आत अक्षता! मावसबहिणीच्या लग्नाच्या पत्रिका त्या प्रिंटरशेजारी ठेवल्या होत्या, पुजेच्या कुंकवातांदळासकट. दोन दाणे आत जाऊन बसले होते आणि दीड वर्षं कागद अडवत होते.

१९४७ च्या ९ सप्टेंबरला हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला होता. तिथल्या लोकांनी तो फेकून दिला नाही. नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला, वेळ घातली, शेजारी दोन शब्द लिहिले. अजून जपून ठेवलाय.

मावशीला म्हटलं, "दाणे फेकू नकोस. वहीत चिकटव."

"कुठल्या वहीत?" मावशी म्हणाली.

"नसेल तर आण एक," म्हटलं.